खिशातली टोपी

मेस्त्रीने चष्म्यासाठी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि हातात टोपी आली.

डोक्यावरची नव्हे. ती खिशात मावत नाही, आणि मेस्त्री घालतही नाही. ही टोपी म्हणजे काळ्या रबराची वाटी, अर्ध्या लिंबाएवढी. मोटरसायकलचं मागचं चाक ज्या दोन लोखंडी हातांनी धरलेलं असतं, त्यांना गॅरेजात चिमटा म्हणतात. हा चिमटा गाडीच्या सांगाड्याला एका लांब बोल्टने जोडलेला असतो आणि त्या बोल्टवरच चाकासकट खाली-वर झुलतो. बोल्टच्या एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला नट, आत बेअरिंग, बेअरिंगात ग्रीस. चिखलपाणी आत शिरू नये म्हणून दोन्ही टोकांवर एकेक टोपी. संपलं. टोपी नसली म्हणून गाडी काही लगेच पडत नाही. पण टोपीखालचा नट सैल असला तर

मेस्त्रीने वाक्य तिथेच सोडलं. त्याने सोडलं म्हणून आपण सोडून चालणार नाही. नट सैल असला तर चिमटा डुगडुगतो, मागचं चाक वळणावर आपल्या मनाने चालायला लागतं, आणि घाटात वळणांशिवाय दुसरं असतं काय?

घाटाकडे निघाली होती मेस्त्रीची मुलगी. त्याच सकाळी. पलीकडच्या गावात कापडगिरणीतली यंत्रं सांभाळायची नोकरी लागली होती तिला. बापाने गाडी तयार करून दिली, आत्याने टाकीवर पिवळा पट्टा मारून दिला, आणि पोरगी गेली. लहानपणी कोपऱ्यातल्या ग्राइंडरजवळ बसून उडणाऱ्या ठिणग्या मोजायची, म्हणून तिचं नाव ठिणगी पडलं होतं. खरं नाव फक्त शाळेला माहीत.

तर टोपी खिशात. चष्मा कपाळावर. काखेत कळसा म्हणतात तो हाच, पण आज हसायला कोणाला वेळ होता?

"आक्का," मेस्त्री म्हणाला, "ठिणगीच्या गाडीला टोप्या लावल्यास?"

आक्का, म्हणजे त्याची मोठी बहीण, गॅरेजच्या डाव्या अर्ध्या भागात एका टाकीवर रेघ ओढत होती. उजवा अर्धा भाग त्याचा, तेलाचा. डावा हिचा, रंगाचा. मध्ये भिंत नाही. फक्त फरशीचे डाग बदलतात.

"लावल्या."

"दोन्ही?"

"चिमट्याला टोप्या किती असतात?"

"दोन."

"मग दोन्ही."

"मग ही कोणाची?"

आक्काने ब्रश न उचलता मान वळवली. "तुझी असेल."

"मी काय मोटरसायकल आहे?"

"झोपेत आवाज तर तसाच येतो."

मग तिने त्याचा चेहरा नीट पाहिला आणि ब्रश उचलला. रेघ अर्धीच राहिली.

*

इथे नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं येड्यांचा बाजार वाटेल.

या गॅरेजात चिमट्याचा नट जो आवळेल, त्याने टोपी लावायची नाही. टोपी लावणाऱ्याने आवळायचं नाही. नियम आक्काचा. मेस्त्री काढलेल्या टोप्या ग्रीसच्या डब्याच्या उलट्या झाकणात ठेवतो, खिशात कधीच नाही. बोल्ट पुसतो, जुनं ग्रीस काढतो, नवं भरतो, बोल्ट घालतो, नट आवळतो. मग आक्का हात पुसून येते आणि टक-पाना लावते. हा पाना ठरल्या ताणाला आला की टक करतो. टक झालं की ती झाकणातली टोपी उचलते आणि अंगठ्याने दाबून बसवते. टोपी दिसली म्हणजे काम झालं. दोन माणसं, चार डोळे, चूक होईलच कशी?

*

सकाळ, मेस्त्रीच्या डोक्यातली

गाड्या दोन होत्या. ठिणगीची आणि दूधवाल्याची. एकाच बनावटीच्या, एकाच रंगाच्या, टाक्या उतरवलेल्या, शेजारी शेजारी उभ्या. दोन्हींचे चिमटे आदल्या दिवशीच उघडून ठेवलेले. मेस्त्रीने ठिणगीच्या गाडीत बोल्ट सरकवला, नट बोटांनी फिरवला, मग पान्याने आवळला. की आवळला तो दूधवाल्याचा? नाही, ठिणगीचाच, कारण त्याच वेळी ती म्हणाली होती, "बाबा, डबा कुठे बांधू?" आणि तो म्हणाला होता, "डोक्यावर बांध." हे त्याला स्वच्छ आठवत होतं. पण तेव्हा हातात पाना होता की फडकं?

ग्रीस लावलेली बोटं आठवत होती. बोल्ट आत गेल्यावरचा तो मऊ आवाज आठवत होता. नट आठवत नव्हता. म्हणजे नट आठवत होता, पण एकच. नट होते दोन.

*

तीच सकाळ, आक्काच्या तोंडची

"मी हात धुतले. पिवळा निघत नव्हता, म्हणून रॉकेल घेतलं. मग पाना घेतला. पहिल्या गाडीला लावला, टक. टोप्या लावल्या. दुसऱ्या गाडीला लावला..."

"पहिली कोणती?"

"दारापासून पहिली."

"दारापाशी कोणाची होती?"

"तुला माहीत. गाड्या तू लावतोस."

"ठिणगीने सामानाचं माप घ्यायला गाडी बाहेर काढली होती ना. परत आत आणली तेव्हा कुठे लावली?"

आक्का डोळे मिटून आठवायला लागली. मेस्त्रीनेही मिटले. दोघं भाऊबहीण गॅरेजच्या मध्यावर डोळे मिटून उभे. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, गाडीला मूठमाती देताहेत.

"बरं, दुसऱ्या गाडीचं सांग," मेस्त्री म्हणाला. "टक झालं?"

"लावला पाना. नट हलला नाही."

"टक झालं का, हे विचारतोय."

"अरे, तू आवळलेलाच होतास ना? मी पाना लावला, जरा ताण दिला, तेवढ्यात पोरीने हाक मारली, हेल्मेटचा पट्टा अडकलाय म्हणून. मग टोप्या लावल्या. तू आवळलंस म्हटल्यावर मी कशाला नटाशी झोंबू?"

"मी?" मेस्त्री म्हणाला. "मी एक नट नुसता बसवून ठेवला होता. तू शेवटचा ताण देणारच आहेस ना, म्हणून!"



दोन घरचा पाहुणा उपाशी. या घरी वाटतं त्या घरी जेवला, त्या घरी वाटतं या घरी. नियम केला होता दोघांनी बघावं म्हणून. झालं असं की दोघांनीही दुसऱ्यावर सोडलं. कधीपासून? आज पहिल्यांदा? की गेली कित्येक वर्षं गावातल्या अर्ध्या गाड्या... मेस्त्रीने याही वाक्याचं शेपूट सोडून दिलं.

"पण तरी," आक्का म्हणाली, "टोप्या मी चारही लावल्या. मग ही पाचवी आली कुठून?"

खरंच की. सैल नट एक वेळ समजतो. टोपी खिशात कशी चढली?

*

तीच सकाळ, दूधवाल्याची

दूधवाला तिथेच होता. दाराशी जुन्या टायरांच्या चळतीवर बसून, गाडी तयार झालेली असूनही, कारण घरी गेलं की काम लागतं. त्याच्या गाडीच्या दोन्ही टोप्या जागेवर होत्या. मेस्त्रीने त्या बोटांनी दाबून पाहिल्या, आक्कानेही दाबून पाहिल्या, मग दूधवाल्यानेही दाबून पाहिल्या.

"माझ्या आहेत," तो म्हणाला. "म्हणजे ती पोरीची."

"तू इथेच होतास ना सकाळी? काय पाहिलंस?"

"सगळं पाहिलं."

"मग बोल की."

"तुम्ही पाना फिरवत होतात. मग आक्का फिरवत होत्या. मग तुम्ही दोघं चहाला मागे गेलात आणि तिसरं माणूस फिरवत होतं."

"तिसरं कोण?"

"तुमची मुलगी."

मेस्त्री खाली बसला. "आवळत होती की सोडत होती?"

"आता बघा, माझ्याकडे तिची पाठ. हात असा असा जात होता." दूधवाल्याने हवेत हात फिरवून दाखवला. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"अरे नीट सांग, इकडे की तिकडे?"

"दूध ढवळताना आम्ही दोन्हीकडे ढवळतो."

आक्काने फोन लावला. वाजत राहिला. ठिणगी गाडीवर असली की फोन घेत नाही, हेही यांनीच शिकवलेलं. चांगल्या सवयी अशा वेळी वैऱ्यासारख्या वागतात.

"घाट सुरू व्हायच्या आधी ती चहाला थांबते," आक्का म्हणाली. "नेहमी थांबते. चल."

"कशावर?"

दोघांनी दूधवाल्याकडे पाहिलं.

"अहो, कॅन बांधलेत मी," दूधवाला म्हणाला. "सोडायला अर्धा..."

"राहू देत," आक्का म्हणाली आणि टक-पाना उचलून गाडीवर बसली, दोन रिकाम्या कॅनच्या मध्ये तिसऱ्या कॅनसारखी.

*

रस्ता.

कॅन वाजताहेत. खड्डा आला की दोन्ही बाजूंनी ठण्ण. लोक दूध मागायला बाहेर येताहेत.

"सोडत असेल तर का सोडेल?" मेस्त्री मागे ओरडतो.

"काय?"

"नट! का सोडेल?"

"तिला जायचं नसेल."

"नोकरी तिनेच शोधली ना?"

"मग आवळत असेल!"

"मग टोपी का काढली?"

"आवळायला!"

"मग परत का नाही लावली?"

ठण्ण.

रस्त्यावर तेलाचा डाग दिसतो. डाग जुना आहे. पुढे रबराची काळी रेघ, कोणीतरी जोरात ब्रेक दाबलेला. मेस्त्री वेग कमी करतो, रेघ कुठे जाते ते बघतो. ती एका घराच्या फाटकात जाते आणि फाटकात एक म्हातारा मोपेडला शिव्या देतोय. पुढे कडेला माणसं जमलेली. मेस्त्री ब्रेक दाबतो. कोंबड्यांची गाडी उलटी नाही, सुलटीच आहे. माणसं कोंबड्या निवडताहेत.

"हळू चालव," आक्का म्हणते.

मग थोड्या वेळाने: "जरा जोरात चालव."

मेस्त्रीला दोन्ही पटतं.

*

चहाच्या टपरीसमोर ठिणगीची गाडी स्टँडवर उभी होती. सरळ. चाक जागेवर, टाकीवर पिवळा पट्टा, मागे सामान. ठिणगी बाकावर बसून बशीतून चहा पीत होती. तिने कॅनचा आवाज ऐकला, दूधवाला आला असं समजून वर पाहिलं, आणि बशी तशीच धरून राहिली.

"बाबा? आत्या? तुम्ही दूध कधीपासून घालायला लागलात?"

मेस्त्री तिच्याशी बोललाच नाही. सरळ गाडीच्या बाजूला गुडघ्यावर बसला. डावीकडे टोपी होती. उजवीकडे नव्हती. उघडा नट उन्हात चकचकत होता, आणि नटावरून सांगाड्यावर गेलेली एक बारीक पिवळी रेघ होती. नटावर अर्धी, लोखंडावर अर्धी. सरळ. तुटलेली नाही.

"माझा पिवळा!" आक्का म्हणाली. "तरीच डबीचं झाकण उघडं होतं."

"जरासाच घेतला," ठिणगी म्हणाली. "नट फिरला की रेघ मोडते. म्हणजे थांबले की नुसतं बघायचं. पाना नको, काही नको."

मेस्त्रीने खिशातून टोपी काढून तिच्यापुढे धरली.

"ती मीच ठेवली तुमच्या खिशात. टोपी लावली की रेघ दिसत नाही ना."

"सांगता येत नव्हतं?"

"जाताना भांडण कशाला? म्हटलं, संध्याकाळी चष्मा शोधाल तेव्हा सापडेल. तोवर मी पोचून फोन केलेला असेल."

"चष्मा कपाळावर होता त्याच्या," आक्का म्हणाली.

"असतोच तो."

मेस्त्री उभा राहिला. गुडघे कुरकुरले. त्याला राग यायला हवा होता, आणि आला पण. फक्त कुठे ठेवायचा ते कळेना. "आम्ही दोघांनी तपासलं होतं," तो म्हणाला.

"म्हणूनच," ठिणगी म्हणाली.

टपरीवाला आतून विचारत होता, चहा किती.

"म्हणजे काय, म्हणूनच?"

"तुम्ही नट बसवताना आत्याकडे बघता. आत्या पाना लावताना तुमच्याकडे बघते. नटाकडे कोण बघतं? मी लहानपणापासून कोपऱ्यात बसून हेच बघतेय. आज टोपी काढून पाना लावला तर," तिने बशी बाकावर ठेवली आणि हाताने हवेत पाव वळसा घातला, "एवढा फिरला. मग टक."

पाव वळसा. आक्का आपल्या हातातल्या पान्याकडे बघत होती, जणू तोच फितूर झाला असावा. मेस्त्रीने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. कोणाचा पाव? याने न दिलेला की हिने न घेतलेला? दोघांच्याही तोंडावर "तूच" आलं होतं. ते तसंच गिळलं गेलं.

"बरं," मेस्त्री शेवटी म्हणाला. "पण टोपी लागलीच पाहिजे. वर धुकं असतं. पाणी जाईल, ग्रीस धुऊन निघेल, बेअरिंगला गंज धरेल. मग नट कितीही घट्ट असू दे, चिमटा आतून कुरतडला जाईल."

"आणि रेघ?"

"रेघ राहू दे की टोपीखाली."

"टोपीखालची रेघ कोणाला दिसते?"

पोरगी बरोबर बोलत होती आणि तोही बरोबर बोलत होता, आणि दोन बरोबर गोष्टी एका नटावर मावत नव्हत्या. टोपी लावावी तर विश्वास ठेवावा लागतो. न लावावी तर गंज चढतो.

"आवळलं कोणी? तू," आक्का मध्ये पडली. "मग नियमाप्रमाणे तपासणार दुसरं कोणी. घे रे." तिने पाना भावाच्या हातात दिला.

मेस्त्री पुन्हा बसला. गंमत अशी की इतक्या वर्षांत त्याने तपासणाऱ्याच्या जागी बसून कधी पाहिलंच नव्हतं. नट आपला असला की हाताला आधीच माहीत असतं तो कुठे थांबेल. हा नट परका होता. त्याने पाना लावला. कोणाकडे पाहिलं नाही. ताण देत गेला, देत गेला, आणि

टक.

"झालं?" आक्का म्हणाली.

"तू जीभ वाजवलीस की पाना वाजला?"

"मी कशाला जीभ वाजवू?"

"गप्प बसा दोघी. पुन्हा लावतो."

पुन्हा टक. रेघ जागच्या जागी. मेस्त्रीने टोपी पुसली, आत उरलेलं ग्रीस बोटाने काठाला फिरवलं आणि अंगठ्याने दाबून बसवली. पुक असा आवाज झाला. हा आवाज त्याने नेहमी लांबूनच ऐकला होता.

"आता तिकडे," तो म्हणाला, पण पुढचं यायला वेळ लागला. "तिकडे तू एकटी. आवळशील तू. तपासणार कोण?"

म्हणजे हाच काटा होता तर. नट, टोपी, रेघ सगळं खरं, पण सकाळपासून त्याच्या घशात अडकलं होतं ते हे. सकाळी तो हे न विचारता डबा बांधण्याबद्दल बोलला होता.

"गिरणीत माणसं असतील की," ठिणगी म्हणाली.

"ती सुताची. चिमट्याची नव्हेत."

मेस्त्री फडक्याने हात पुसत राहिला, पुसून झाले तरी.

"हे बघ," तो म्हणाला. "महिन्याकाठी टोपी काढ. रेघ बघ, पाना लाव. मोडली असेल तर आवळ. आवळलंस की लगेच टोपी लावू नकोस. पाना खाली ठेव. हात धू, साबणाने. पाणी पी. बाहेर एक फेरी मारून ये. आणि परत येशील ती दुसरं माणूस म्हणून ये. कोणी आवळलंय ते तुला माहीत नाही. कोण असेल गाढव, कोणाला ठाऊक! असं समजून तपास. मग टोपी."

ठिणगी हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "आणि त्या गाढवाला शिव्या दिल्या तर चालतील?"

"मनातल्या मनात."

तिने हेल्मेट चढवलं. आत्याने पट्टा नीट केला, नसलेला गुंता सोडवत जरा जास्तच वेळ. मग गाडी घाटाकडे निघाली. पहिल्या वळणाला दोघं भाऊबहीण मागच्या चाकाकडे बघत होते. चाक चालकाच्या मनाने वळलं.

*

परतीचा रस्ता.

ठण्ण. ठण्ण.

"आक्का, मी टोपी लावली ना?"

"लावलीस. मी पाहिलं."

"नटाकडे पाहिलंस की माझ्याकडे?"

आक्का विचारात पडली. "तुझ्याकडे."

मेस्त्रीने खिसा चाचपला. रिकामा. बरं वाटलं. मग पुढच्या खड्ड्याला दोन ठण्ण वाजले आणि त्यांच्यामध्ये, अगदी खालून, आणखी काहीतरी वाजलं. बारीक.

"हे काय होतं?"

"कॅन."

"कॅनचा आवाज वेगळा." मेस्त्रीने वेग कमी केला. "ही दूधवाल्याची गाडी सकाळी कोणी आवळली?"

"तू."

"आणि पहिल्या गाडीला टक झालं म्हणालीस. पहिली म्हणजे ही का?"

"ठिणगीची पाव वळसा सैल निघाली, म्हणजे टक झालेली ही."

"की दोन्ही सैल आणि टक तुझ्या जिभेचं?"

"अरे, मी जीभ वाजवत नाही!"

त्याने गाडी कडेला घेतली. दोघं उतरले. रस्त्याच्या कडेला पाण्याचा नळ होता, कोणाच्या तरी बागेचा. मेस्त्री तिकडे गेला. साबण नव्हता, म्हणून मातीने हात घासले. धुतले. ओंजळीने पाणी प्यायला. मग नळाच्या पलीकडे, झाडापर्यंत चालत गेला आणि तिथे जरा वेळ उगाच उभा राहिला, आपण कोण आहोत ते विसरायचा प्रयत्न करत. जमत होतं असं नाही. पण निम्मं जमलं.

परत आला तेव्हा आक्का गाडीपाशी पाना घेऊन सरळ उभी होती, गिऱ्हाईक उभं राहतं तशी.

"या मेस्त्री," ती म्हणाली. "या. नवीन दिसता. काय तपासायचंय आपल्याला?"

"हा नट कोणी आवळलाय, बाई?"

"होता एक गाढव. गेला तो त्या झाडाकडे."

मेस्त्रीने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, टोपी काढली आणि नटाकडे पाहिलं.